तांबी बदलून आले : भीती वाटणाऱ्या बायकांसाठी या दवाखान्याबद्दल

चार स्टार दिलेत. एक कापलाय तो काउंटरसाठी, त्याचं खाली लिहिते. डॉक्टर मॅडमना मात्र पाचच्या पाच. बाकीच्यांनी इथे डिलिव्हरीबद्दल भरपूर लिहिलंय, तांबीबद्दल (म्हणजे कॉपर टी, दिवस राहू नयेत म्हणून गर्भपिशवीत बसवतात ती) कोणीच काही लिहिलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. वाचायला लाज वाटत असेल त्यांनी पुढचं सोडून द्यावं.

मी एसटीत वाहक आहे, नाशिकला. एक मुलगी. मुलगी पायाळू होती म्हणून तारीख ठरवून सिझेरियन झालं, कळा अशा मला आल्याच नाहीत. हे मुद्दाम सांगतेय, पुढे कामाला येईल. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी तपासायला गेले तेव्हा दुसऱ्या एका दवाखान्यात पहिली तांबी बसवली. नाव घेत नाही. तिथे मला टेबलावर झोपवलं, पडदा ओढला आणि कोणी एक शब्द बोललं नाही. एकदम आत काहीतरी चावल्यासारखं झालं आणि मी ओरडले. तर सिस्टर म्हणे, "बाळंतपण काढलंस की, हे काय एवढं!" उठून बसले तर डोळ्यांपुढे अंधारी, कानात शिट्टी, अंगाला दरदरून घाम. बाहेरच्या बाकावर ओकले. त्यावर "नाटकं" हा शब्द मी माझ्या कानांनी ऐकला.

तांबीची स्वतःची तक्रार नाही हं. पहिले काही महिने पाळी जास्त गेली, पोट जास्त दुखलं, लांबच्या फेरीला पिशवीत जादा पॅड आणि काळी सलवार ठेवावी लागायची. नंतर सगळं जागेवर आलं. रोज गोळीची आठवण ठेवायला नको, घरी कोणाला विचारायला नको. माझ्या ड्युटीच्या वेळा बघता गोळी मला जमलीच नसती. नसबंदीचा विषय मी ह्यांच्यापुढे एकदा काढला होता. पुरुषांची किती सोपी असते, टाकासुद्धा लागत नाही, असं सांगितलं. तेव्हापासून तो विषय निघाला की ह्यांची कंबर धरते.

पण माझी तांबी पाच वर्षांची होती. ३७५ नंबरची, कार्डावर काढायची तारीख लिहिलेली. ती तारीख जवळ यायला लागली तशी माझी झोप उडाली. ते टेबल, ते पाय ठेवायचे लोखंडी टेकू, बेटाडीनचा तो गार बोळा, सगळं डोळ्यांसमोर यायचं. सासूबाईंनी भर घातलीच. त्यांच्या माहेरी म्हणे कोणाची तरी तांबी वर चढून काळजाला लागली होती. पिशवीतून काळजाकडे रस्ताच नाही हे मला माहीत आहे, तरी रात्री दोन वाजता माहीत असलेलं कुठे उपयोगी पडतं.

या दवाखान्यात मला डेपोतल्या एका मैत्रिणीनं पाठवलं. आधी फोन केला. फोनवर सिस्टर होत्या, त्यांनी जे विचारलं आणि सांगितलं ते असं : पाळीची तारीख काय, पाळी संपता संपता या, तेव्हा पिशवीचं तोंड जरा सैल असतं आणि दिवस राहिलेले नाहीत याचीही खात्री असते. जुनी काढून लगेच नवी बसवायची असेल तर आधीचे सात दिवस संबंध नकोत, किंवा कंडोम वापरा. मी विचारलं, तांबी आत असताना कंडोम कशाला? तर म्हणाल्या, ताई, जुनी निघाली आणि नवी काही कारणानं त्या दिवशी बसली नाही तर आधीच्या संबंधातून दिवस राहू शकतात. हे मला पाच वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. आणि शेवटचं : उपाशी येऊ नका. मी तर ऑपरेशनसारखं काही असेल म्हणून चहासुद्धा न घेता जाणार होते. उपाशीपोटी चक्कर लवकर येते म्हणे. पोळी-भाजी खाऊन गेले.

पहिल्या दिवशी मॅडमनी मला टेबलावर घेतलंच नाही. मीच सांगितलं, आज फक्त बोलायचंय. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि ड्रॉवरमधून दोन तांब्या काढून माझ्या हातात दिल्या. एक माझ्या जातीची ३७५, तिचे दोन हात खाली वाकलेले आणि लवलवते. दुसरी ३८० ए, सरळ टी, उभ्या दांडीला तांब्याची तार गुंडाळलेली आणि आडव्या हातांवर तांब्याची बारीक वळी. रुंदीला ३२ मिलिमीटर, उंचीला ३६. ही दहा वर्षं चालते. हातावर घेऊन बघितली, बोटानं वाकवली, दोरा ओढून बघितला. इतकी वर्षं पोटात बाळगली त्या वस्तूला मी पहिल्यांदा हात लावत होते. खरं सांगते, निम्मी भीती तिथेच गेली. मनात ती हातभर लांब झाली होती.

मग मॅडमनी दुखणं कुठे कुठे असतं ते सांगितलं, लपवाछपवी न करता. तपासायचं यंत्र आत घालून उघडतात तेव्हा ताण वाटतो, ते दुखणं नाही. मग पिशवीचं तोंड चिमट्यानं धरतात, तिथे चावल्यासारखं होतं. मग एक बारीक सळई आत घालून पिशवीची लांबी मोजतात, आणि शेवटी तांबीची नळी जाते. या दोन्ही वेळा पाळीची कळ येते तशी जोरात कळ येते. तिघी-चौघींतली एखादी म्हणते काही कळलंच नाही, एखादी रडते, आणि कोणाचं काय होईल ते आधी सांगता येत नाही. ज्यांची नॉर्मल डिलिव्हरी झालेली नाही त्यांना सहसा जास्त दुखतं. मी म्हटलं, माझं सिझर होतं, कळा नव्हत्या. तर मॅडम म्हणाल्या, मग तुमच्या पिशवीचं तोंड कधी उघडलंच नव्हतं, दुखणारच. बघा! त्या सिस्टरचा टोमणा खोचक तर होताच, वर चुकीचाही होता.

आणि ती चक्कर? तीही नाटक नव्हती. पिशवीच्या तोंडाला धक्का लागला की काहींच्या हृदयाचे ठोके मंदावतात, बीपी एकदम उतरतं आणि अंधारी येते. झोपवून पाय वर केले की काही मिनिटांत माणूस ठीक होतं. मॅडमनी माझ्या फाइलवर लाल पेनानं लिहून ठेवलं, मागच्या वेळी चक्कर, लगेच उठवू नये.

दुखू नये म्हणून काय करता येतं तेही त्यांनी मांडलं. अर्धा-पाऊण तास आधी आयबुप्रोफेनची गोळी घ्यायची, पण तिचा उपयोग नंतरच्या कळांना होतो, बसवतानाच्या दुखण्याला फारसा नाही. मग लिग्नोकेन या बधिर करायच्या औषधाचा स्प्रे किंवा जेल. मग पिशवीच्या तोंडाच्या बाजूला लिग्नोकेनचं इंजेक्शन, म्हणजे तेवढाच भाग बधिर. ते टोचताना दुखतं, पण पुढचं पुष्कळ कमी होतं. आणि अगदीच ज्यांना हात लावू देववत नाही त्यांना पूर्ण भूल देऊन ऑपरेशन थिएटरात, त्याचा खर्च आणि उपाशी राहणं वेगळं. मी विचारलं, हे इंजेक्शन नवीन निघालंय का, मागे मला कोणी विचारलं नाही. म्हणाल्या, औषध जुनंच आहे, विचारायची पद्धत नवीन आहे. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं ऑगस्ट २०२४ मध्ये डॉक्टरांना लेखी सांगितलं, की तांबी बसवण्याआधी प्रत्येक बाईशी दुखण्याबद्दल बोला आणि लिग्नोकेनचा उपयोग होऊ शकतो. एवढं साधं सांगायला २०२४ उजाडावं लागलं, यावर मी काही बोलत नाही. आपल्याकडे कुटुंब नियोजनाचा सरकारी कार्यक्रम १९५२ पासून चालू आहे आणि १९६५ पासून बायकांना आतलं साधन बसवतायत, तेव्हाचं ते प्लॅस्टिकचं लूप.

हार्मोनवालं साधनही दाखवलं. त्यानं पाळी कमी जाते, ज्यांना अंगावर जास्त जातं त्यांना ते बरं. महाग आहे. तिमाही अंतरा इंजेक्शन आणि छाया गोळीचंही सांगितलं. मला तांबीच हवी होती, मी ३८० ए सांगितली. परत लवकर त्या टेबलावर चढायचं नाही एवढाच हिशेब.

आता प्रत्यक्ष दिवसाचं. इंजेक्शन सांगितलं होतं. आधी बीपी बघितलं, बधिर करायच्या औषधाची कधी अ‍ॅलर्जी आली होती का, दाताला इंजेक्शन घेतलंय का ते विचारलं. खोलीत मॅडम, सिस्टर आणि एक मावशी. मॅडम म्हणाल्या, काहीही करायच्या आधी मी सांगणार, आणि तुम्ही हात वर केला की मी थांबणार, मग मी कुठेही असो. मी म्हटलं, म्हणजे आमच्यासारखं, एक बेल दिली की गाडी उभी. त्यांना ते फारच आवडलं.

जुनी काढणं हा प्रकार तर सांगण्यासारखाही नाही. ज्याची मी महिनोन् महिने धास्ती घेतली होती ते असं : "दोरा दिसतोय. खोकला काढा." खोकले. आत एक ओढ बसली, पाळीच्या पहिल्या कळेसारखी, आणि "ही बघा." ट्रेमध्ये माझी तांबी, दोन्ही हात वर मुडपलेले, तार काळपट पडलेली. ओढताना हात वरच्या बाजूला मिटतात म्हणून ती निघते, अडकत नाही. मी परत विचारलं, निघाली का खरंच? ज्या बाया निव्वळ काढायच्या भीतीनं मुदत संपलेली तांबी घेऊन फिरतायत त्यांनी एवढा परिच्छेद दोनदा वाचावा.

बसवणं मात्र काम आहे. बेटाडीन गार होतं, पण "गार लागेल" असं आधी सांगितलं. यंत्र त्यांनी कोमट पाण्यातून काढलेलं होतं. इंजेक्शन टोचलं तेव्हा मी कुल्ल्यांनी टेबलावर वर सरकले, सगळेच सरकत असतील. दुसऱ्या बाजूचं टोचताना कमी कळलं. मग मॅडम नुसत्या थांबल्या, औषध लागू पडेपर्यंत. मागच्या दवाखान्यात एवढ्या वेळात त्यांनी सगळं उरकून दुसरी पेशंट झोपवली असती.

या थांबण्याच्या वेळात मावशींनी माझा हात धरला आणि विचारलं, "ताई, त्र्यंबकची शेवटची गाडी किती वाजता असते हो?" त्यांचं माहेर त्या रस्त्याला. मी सांगायला लागले. मग त्यांनी पेठची विचारली, मग कळवणची. चिमटा लागला तेव्हा मी कळवणच्या गाड्यांवर होते, दाब कळला पण चावलं नाही. सळई आत गेली तेव्हा मात्र ओटीपोटात खोल कळ आली, मांड्यांपर्यंत उतरली. मी हात वर केला.

मॅडम थांबल्या. खरोखर थांबल्या, हात बाजूला घेतला. कोणी "झालंच आता" म्हटलं नाही, कोणी गुडघा दाबून धरला नाही. सिस्टरनं तोंडानं हळूहळू श्वास सोडायला सांगितलं, पाय थरथरत होते ते थांबेपर्यंत सगळे तसेच. मग मॅडमनी पडद्याच्या पलीकडून विचारलं, "डबल बेल?" मला त्या अवस्थेत हसू आलं. म्हटलं, द्या. पुढची कळ तशीच होती, कमी नव्हती, पण मी स्वतः गाडी सोडली होती. नळी गेली, नळी बाहेर आली, दोरा कापल्याचा कट्ट आवाज आला. दुखलं नाही असं मी लिहिणार नाही. मागच्या वेळी दहातलं नऊ होतं, या वेळी पाच म्हणेन, आणि ते पाचही एकटीनं काढावे लागले नाहीत.

उठवलं नाही लगेच. डाव्या कुशीवर, मग पाय खाली सोडून, मग उभं. थोडं गरगरलं, ग्लुकोजचं पाणी दिलं. शेजारच्या खोलीत गरम पाण्याची पिशवी घेऊन पडून राहिले. संध्याकाळी घरी कळा आल्या, गोळी घेतली. दुसऱ्या दिवशी रजा टाकली होती ते बरं केलं. खड्ड्यांच्या रस्त्यावर उभं राहायची ती वेळ नव्हती. दोन-चार दिवस डाग पडत राहिला.

जाताना मराठीत छापलेला कागद देतात, चांगला मोठ्या अक्षरात. ताप, घाण वासाचा स्राव, गोळीनं न थांबणारं पोटदुखणं, पाळी चुकणं, दोरा अचानक लांब लागणं किंवा न लागणं, यातलं काही झालं तर लगेच या. वीसातल्या एखादीची तांबी आपोआप खाली सरकते किंवा पडते, बहुतेक पहिल्या काही महिन्यांत, पाळीच्या वेळी. म्हणून पुढच्या पाळीनंतर एकदा दाखवायला यायचं. पिशवीला छिद्र पडणं हजारात एक-दोघींना होतं, तेही त्यांनी कागदावर छापलंय. मला हे आवडलं. न सांगितलेल्या गोष्टीची भीती मोठी असते, हजारात एक-दोन हा आकडा मला झेपतो.

माझं बघून धाकटी जाऊ तयार झाली. तिला दुसरं मूल हवंय, तांबी काढायची होती, आणि तिचा दोराच सापडत नव्हता. एका ठिकाणी तपासून "दोरा नाही, पिशवी उघडावी लागेल" असं सांगून तिला रडवून पाठवलं होतं. इथे मॅडमनी आधी सोनोग्राफी केली. तांबी जागच्या जागी, दोरा तोंडाच्या नळीत गुंडाळून वर गेलेला. एक बारीक ब्रश असतो, पिशवीच्या तोंडाची तपासणी करतात तो, तो आत घालून फिरवला आणि दोरा ब्रशला गुंतून खाली आला. माझ्यापेक्षा तिला जास्त वेळ लागला, ती मध्ये "ताई, ताई" करत माझा हात पिळत होती, पण उघडावं काही लागलं नाही. तसं नसतं झालं तर पुढे बारीक हत्यारानं किंवा दुर्बिणीनं, भूल देऊन काढतात, हेही आधी सांगितलं होतं. किती महिने थांबायचं, असं तिनं विचारलं. थांबायचं काहीच कारण नाही, या महिन्यापासून प्रयत्न करा, फोलिक अ‍ॅसिड चालू करा. सासूबाईंचं म्हणणं होतं तीन महिने अंग धुऊन निघायला हवं. मॅडमनी त्यांना फोनवर समजावलं, हे बिलात लावलं नाही.

आता तो कापलेला स्टार. काउंटरवरची मुलगी भरलेल्या वेटिंगमध्ये "कॉपर टी कोण आहे? कॉपर टी!" असं ओरडते. तिथेच सोनोग्राफीवाल्यांचे नवरे, सासरे, भाऊ बसलेले असतात. गर्भलिंग तपासणी होत नाही हा सरकारी बोर्ड तुम्ही भिंतभर लावलाय, शेजारी "पेशंटला नावानं हाक मारावी" एवढी पाटी आतल्या बाजूनं लावा. माझी जाऊ तिथूनच परत निघाली होती, मी दंडाला धरून बसवली. कपडे बदलायच्या कोपऱ्यातला पडदा एका बाजूनं पुरत नाही. अपॉइंटमेंट अकराची, आत गेले एकनंतर. डिलिव्हरी आली तर मॅडम जाणारच, त्याचं काही नाही, पण तसं एक फोन करून सांगता येतं. बिल तीन हजारांच्या आत आलं, पण एका ओळीत "प्रोसिजर" म्हणून. इंजेक्शनचे किती, तांबीचे किती, मागितल्यावर लिहून दिलं.

आणि हे महत्त्वाचं : दुपारी ज्युनियर मॅडम असतात. स्वभावानं चांगल्या आहेत, पण माझ्या मैत्रिणीला त्यांनी इंजेक्शनचं विचारलंच नाही, स्प्रेसुद्धा नाही. तिनं मागितलं नाही म्हणून मिळालं नाही. मोठ्या मॅडम विचारतात आणि छोट्या विचारत नाहीत, असं एकाच दवाखान्यात नको. तोपर्यंत फोन करतानाच सांगून ठेवा, मला बधिर करून हवंय, आणि सकाळची वेळ घ्या. शनिवार टाळा, सोनोग्राफीची गर्दी असते. खाली गाडी लावायला जागा नाही, रिक्षानं या. ज्यांना एवढे पैसे घालायचे नाहीत त्यांना सरकारी दवाखान्यात ३८० ए आणि ३७५ दोन्ही फुकट बसवून मिळतात, काढूनही मिळतात. तुमच्या भागातल्या आशाताईंना विचारा, त्या सोबतही येतात. बधिर करण्याचं तिथेही विचारा, आणि जेवून जा.